दुसरीच्या मुलांचं शारीरिक शिक्षणाचं (शा.शि.) मूल्यमापन: किती मीटरला किती गुण?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुसरीचा वर्ग, ४३ मुलं, शाळेत पीटीचे वेगळे सर नाहीत, मैदान म्हणजे इमारतीपुढचं आवार, आणि मुख्याध्यापकांनी यंदा सांगितलंय की शा.शि.च्या नोंदी नुसत्या भरायच्या नाहीत, मुलांची खरोखर चाचणी घ्या. म्हणून तुम्ही ५० मीटर धावणं, उभ्याने लांब उडी आणि चेंडूफेक असं ठरवलंत आणि विचारताय की किती सेकंदाला आणि किती मीटरला किती गुण द्यायचे याचा तयार तक्ता कुणाकडे आहे का. आणि जाता जाता शेवटी एक ओळ टाकलीय, की एका मुलाला चेंडू झेलताच येत नाही, त्याला शून्य द्यायचं का.

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. तक्त्याने तुम्हाला कळेल वर्गात पुढे कोण आणि मागे कोण, पण त्या मुलाला पुढच्या महिन्यात काय शिकवायचं हे तक्ता सांगणार नाही, आणि पहिली-दुसरीत मूल्यमापन करायचं ते त्यासाठीच, नाहीतर कशाला एवढा उपद्व्याप करायचा.

मी बरीच वर्षं प्राथमिकला पीटी घेतोय, त्यावरून सांगतो, असा तक्ता कुणी दिलाच तरी वापरू नका. सात वर्षांचं पोर किती सेकंदात पळालं यावरून ते काय शिकलंय हे थोडंच कळतं. त्याची उंची किती, वजन किती, वय किती महिन्यांनी जास्त, पायात बूट आहेत की चप्पल, सकाळी काही खाऊन आलंय का, हेच जास्त कळतं. एकाच बाकावर जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल बसलेलं असतं, आपल्या हजेरीत दोघं दुसरीतलीच, पण त्या वयात अकरा महिने म्हणजे जवळजवळ आयुष्याचा सातवा-आठवा हिस्सा झाला. सेकंदांवर गुण दिलेत की डिसेंबरवाल्याचे गुण त्याच्या जन्मतारखेनेच कापले जातात, त्यात त्याचा दोष काय.

आता दोन मुलं डोळ्यांपुढे आणा. एक मुलगा अंगाने थोराड, भिंतीकडे छाती करून सरळ उभा, पाय जागचे हलत नाहीत, कोपरातून चेंडू ढकलतो, तरी ताकदीवर समजा दहा मीटर घालवतो. दुसरी मुलगी किरकोळ, पण फेकताना खांदा वळवते, डावा पाय पुढे टाकते, उजवा हात खालून मागे फिरून पुढे येतो तो पार डाव्या कमरेपर्यंत जातो, चेंडू पडतो सात मीटरवर. टेप लावलीत तर मुलगा वरच्या श्रेणीत आणि मुलगी खाली. पण फेकायला शिकलंय कोण? मुलगी. आणि त्या मुलाला आपण वरची श्रेणी देऊन सांगून टाकलं की तुझं बरोबर चाललंय, म्हणजे तो तसाच ढकलत राहणार आणि पाचवीत लगोरी नाहीतर क्रिकेट खेळायला लागला की सगळे त्याच्या पुढे निघून जाणार. सेकंद-मीटरला माझा विरोध नाही हं, मोठ्या मुलांना ते हवंच, त्यांना स्वतःचा आकडा सुधारण्यात मजापण येते. पण पहिली ते तिसरी आणि बऱ्यापैकी चौथीपर्यंत शरीर कसं हलतंय ते बघायचं, किती लांब आणि किती वेगात हे नंतर.

इथे एक गोंधळ बऱ्याच शाळांत होतो तो आधी मिटवतो. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या योजनेतल्या फिटनेस चाचण्या वेगळ्या आणि तुम्हाला करायचंय ते वेगळं. आणि गंमत बघा, त्यातसुद्धा पहिली ते तिसरीला ५० मीटर नाहीच. लहानांसाठी उंची-वजन घेऊन बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन, मग फ्लेमिंगो बॅलन्स म्हणजे एका पायावर उभं राहून मिनिटभरात किती वेळा तोल जातो ते, आणि प्लेट टॅपिंग म्हणजे टेबलावरच्या दोन चकत्यांना एकाच हाताने आलटून पालटून भराभर हात लावायचा, एवढंच आहे. ५० मीटर, ६०० मीटर, सिट अँड रीच, कर्ल-अप, पुश-अप हे सगळं चौथीपासून पुढे. तुमच्या शाळेला ती माहिती भरायला सांगितली असेल तर ती जशी सांगितलीय तशी घ्या आणि भरून मोकळ्या व्हा, पण तेच आकडे उचलून प्रगतिपुस्तकात चिकटवू नका, कारण ते फिटनेसचं मोजमाप आहे. मूल नीट पळतं का, उडी मारून नीट खाली येतं का, चेंडू बघून हात पुढे करतं का, हा वेगळा विषय.

हालचाल बघून नोंदवायच्या पद्धती जगभर आहेत, त्यातली सगळ्यात माहितीतली टीजीएमडी, म्हणजे टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट. डेल उलरिच नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८५ मध्ये ती पहिल्यांदा काढली, आता तिसरी आवृत्ती चालते, ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी. त्यात १३ कौशल्यं आहेत, ६ पळण्या-उडण्याची आणि ७ चेंडूची. प्रत्येकाला तीन ते पाच निकष, निकष दिसला की १, नाही दिसला की ०, मुलाला दोन प्रयत्न द्यायचे, सगळं मिळून १०० पैकी बेरीज येते. आधी करून दाखवायचं, मग एक सरावाचा प्रयत्न, मग दोन मोजायचे. हा साचा मला फार आवडतो कारण त्यात "छान", "बरा", "ठीक" असलं काही नाही, पाय पुढे आला की नाही आला एवढंच. पण त्यासोबत वयानुसार तुलना करायचे जे तक्ते येतात ते तिकडच्या मुलांवरून बनलेत, ते आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. आपली मुलं लंगडीत तरबेज निघतील आणि स्टँडवर ठेवलेला चेंडू बॅटने मारायला सांगितला तर खालून क्रिकेटसारखी बॅट फिरवतील, आणि त्या कागदावर त्याला ० पडेल. तेव्हा निकष बघायची सवय तेवढी उचला, तुलनेचे तक्ते राहू देत.

१३ कौशल्यं ४३ मुलांची एकट्या वर्गशिक्षिकेने बघायची म्हणजे अशक्य, तसा हट्ट धरूच नका. दुसरीला मी चार धरतो: धावणं, लंगडी, फेकणं, झेलणं. उभ्याने उडी दुसऱ्या सत्रात. तुमचं आवार लहान आहे म्हणता तर धावणं शेवटी ठेवा, त्याला किमान पंधरा-वीस मीटर सरळ जागा आणि पुढे थांबायला मोकळी जागा लागते, भिंत जवळ असेल तर मुलं आधीपासूनच वेग कमी करतात. धावण्यात मी फार अडकत नाही. बाजूने बघायचं, कोपरं वाकलेली आहेत का, हात आणि पाय उलटसुलट चालतात का, क्षणभर दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात का, आणि पाऊल सपाट आपटतंय का. समोरून बघाल तर यातलं अर्धं दिसत नाही.

लंगडी मात्र आपल्याकडची सोन्यासारखी चाचणी आहे आणि आपण ती फुकट घालवतो. मुलांना वाटतं खेळ चाललाय, आपल्याला सगळं दिसतं. खडूची एक रेघ मारा, चार उड्या सलग मारत जायचं, बस. काय बघायचं? उचललेला पाय कुठे आहे ते. नवशिकं पोर तो पाय पुढे किंवा बाजूला ताठ धरतं, नाहीतर मागे हाताने घोटा पकडून ठेवतं. हाताने पकडला की हात अडकला, मग सगळं ओझं एका पायावर आणि उडी जेमतेम वीतभर. जमायला लागलं की उचललेला पाय गुडघ्यात वाकून मागे राहतो आणि प्रत्येक उडीला झोका घेतल्यासारखा पुढे-मागे हलतो, दोन्ही हात कोपरात वाकून पुढे येतात आणि उडीला जोर देतात. दुसरी खूण कानाने कळते, धप्प धप्प आवाज येतोय म्हणजे पूर्ण तळवा आपटतोय आणि गुडघा वाकत नाहीये. चवड्यावर उतरणाऱ्याचा आवाज अगदी कमी येतो. टीजीएमडीत आवडीच्या पायानेच बघतात, मी दुसऱ्या पायानेही करून बघतो पण त्याचे गुण धरत नाही, नुसती खूण करून ठेवतो. एका पायावर सुरेख आणि दुसऱ्यावर दोन उड्यांतच कोसळणारी मुलं दुसरीत पुष्कळ असतात, काळजीचं कारण नाही. दोन्हींवर एक उडीसुद्धा जमत नसेल तर मात्र ते मूल लक्षात ठेवा, त्याबद्दल खाली लिहितो.

आता फेकणं. यात नव्वद टक्के शिक्षक एक गोष्ट करतात, भिंतीवर गोल काढतात आणि म्हणतात यात मार. झालं, मूल नेम धरतं, नेम धरला की अंग आखडतं, पाय हलत नाही, खांदा वळत नाही, चेंडू हळूच टाकतं, आणि आपण लिहितो "फेकण्याचं कौशल्य विकसित नाही". त्याला येत असूनही आपण ते दाखवू दिलं नाही. फेक बघायची असेल तर एकच सूचना, "भिंतीवर जोरात". पाच-सहा मीटरवर रेघ, टेनिस बॉल, आणि जोरात. जोर लावायचा म्हटल्यावर शरीर आपोआप ज्या पद्धतीने शिकलंय ती पद्धत बाहेर काढतं. तुम्ही फेकणाऱ्या हाताच्या बाजूला थोडं लांब उभ्या राहा. चार गोष्टी: हात आधी खाली-मागे जातो का, अंग वळून दुसरा खांदा भिंतीकडे येतो का, उलट्या बाजूचा पाय पुढे पडतो का, आणि चेंडू सुटल्यावर हात अंगावरून पलीकडच्या कमरेकडे उतरतो का. चारही एकदम बघायला गेलात तर एकही धड दिसणार नाही. पहिल्या फेरीला फक्त पाय बघा. उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकणारी मुलं तुम्हाला भरपूर सापडतील, ती "ठीक" नाहीत आणि "वाईट" पण नाहीत, ती शिकण्याच्या त्या पायरीवर आहेत, आणि उपाय सोपा असतो. जमिनीवर खडूने दोन पावलं काढायची, एक रेघेला आडवं, एक पुढे, आणि सांगायचं आधी भिंतीला खांदा दाखव मग फेक. काहींचं आठवडाभरात बदलतं, काहींना सत्र लागतं.

झेलण्यावर तुमचा मूळ प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर. झेल ही अशी चाचणी आहे की त्यात अर्धे मार्क फेकणाऱ्याचे असतात. मुलांच्या जोड्या लावून "एकमेकांना टाका आणि झेला" केलंत तर तुम्ही झेल बघत नसून समोरच्या पोराची फेक बघताय. चेंडू तुम्हीच टाकायचा, खालून, चार-साडेचार मीटरवरून, छातीच्या उंचीला, प्रत्येकाला सारखाच. छाती आणि खांदा यांच्या दरम्यान गेला नाही तर तो प्रयत्न मोजायचा नाही, परत टाकायचा. आणि चेंडू कोणता? शाळेच्या कपाटातला कडक रबरी किंवा सीझनचा चेंडू काढाल तर मुलाच्या हाताआधी त्याची मान वळेल. हलका प्लॅस्टिकचा, मुलाच्या दोन्ही हातांत नीट मावेल एवढा घ्या, भिंतीच्या रंगावर उठून दिसेल असा. बघायचं काय: चेंडू यायच्या आधी हात पुढे आणि कोपरं वाकलेली, चेंडू येताना हात त्याच्याकडे जातात, आणि पकड फक्त हातांनी. छातीशी कवटाळून धरला तर पहिले दोन निकष दिसले असतील तर ते द्या, तिसरा नाही. म्हणजे "झेलता येत नाही" म्हणून जो शून्य वाटतो तो बऱ्याचदा शून्य नसतोच, तीनपैकी एक असतो नाहीतर दोन असतात, आणि कुठला निकष नाही ते कळलं की काय शिकवायचं तेही कळतं.

तुमच्या त्या मुलाचं आधी एवढंच बघा. चेंडू येताना त्याचे डोळे मिटतात किंवा मान बाजूला जाते का? जात असेल तर ती भीती आहे, फुगा द्या, मग ओढणीचा बोळा, मग स्पंजचा चेंडू, असं हळूहळू. डोळे उघडे आहेत, चेंडूकडे बघतोय, पण हात उशिरा येतात? मग वेळ साधत नाहीये, चेंडू आधी जमिनीवर एक टप्पा टाकून द्या, टप्प्याने वेळ मिळतो. हात सरळ ट्रेसारखे पुढे धरून ठेवतो आणि चेंडू त्यावर आदळून उडतो? मग त्याला कधी कुणी शिकवलेलंच नाही बहुतेक. आणि चेंडू नेमका कुठून येतोय हेच त्याला समजत नाहीये असं वाटलं तर फळ्यावरचं नीट दिसतं का विचारा, डोळे तपासायला सांगा. चश्मा लागलाय हे घरच्यांना माहीतच नसतं असं होतं.

आता ४३ मुलं आणि एक तास, तोही पस्तीस मिनिटांचा, हे कसं जमवायचं. सगळ्यांना एका रांगेत उभं करून एकेकाला पुढे बोलवायचं नाही. एक करतंय आणि बेचाळीस बघतायत, हसतायत, त्यात बुजरं मूल आणखी आकसतं आणि मागची मुलं मारामारी सुरू करतात ते वेगळंच. चार गट करा. तीन गटांना असे खेळ द्या जे त्यांना न सांगता येतात, दोरीच्या उड्या, रिंग, विषामृत, काहीही. चौथा गट तुमच्याकडे. तासाला एकच कौशल्य आणि त्यातले एक किंवा दोनच निकष, तासात गट फिरवत न्यायचे, राहिलेला गट पुढच्या तासाला. बोलून समजावू नका, करून दाखवा, तुम्हाला स्वतःला जमत नसेल तर चौथीतलं एखादं चपळ पोर बोलवा, त्यालाही भाव मिळाल्याचा आनंद होतो.

लिहायचं कसं? पॅड हातात धरून प्रत्येकापुढे बरोबर-चूक करत बसलात तर बघायचं राहून जातं. मी गटातल्या ज्यांच्यात निकष दिसला नाही त्यांचेच हजेरी क्रमांक लिहितो, बाकीच्यांना दिसला असं धरायचं, तास संपल्यावर बसून वहीत उतरवायचं. दोन्ही प्रयत्नांत दिसला तर "आहे", एकाच प्रयत्नात दिसला तर "कधीकधी", एकदाही नाही तर "अजून नाही". मोबाईलवर व्हिडिओ काढून स्लो मोशनमध्ये बघणं फार कामाचं आहे, खास करून फेकण्यातला पाय, तो डोळ्यासमोरून निसटतो. पण मुख्याध्यापकांना आणि पालकांना विचारून काढा, काम झालं की डिलीट करा, आणि कृपा करून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, कुणाचं पोर कसं धडपडलं ते सगळ्या गावाने बघायची गरज नाही. अजून एक, शेजारच्या वर्गाच्या बाईंना एक दिवस अर्धा तास बोलवा, दोघींनी तीच पाच-सहा मुलं स्वतंत्र बघून नोंदवा आणि मग वह्या जुळवा. जिथे दोघींचं वेगळं आलं तिथे निकषच तुम्हाला स्पष्ट नाही असं समजा, आणि आधी तो बोलून पक्का करा.

श्रेणीचं काय, हा तुमच्या मुख्याध्यापकांचा प्रश्न असणार. आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून, म्हणजे २०१० पासून, शा.शि.ला लेखी परीक्षेचा भाग नाहीच, सगळं आकारिक, म्हणजे वर्षभर बघून बघून केलेलं, त्यामुळे तुम्हाला तशी मोकळीक आहे. मिळालेल्या "आहे"ला २, "कधीकधी"ला १ असं धरून बेरीज करा, १०० मध्ये आणा, अ-१ पासून खाली जी बसेल ती श्रेणी. फक्त त्यात गणवेश, शिस्त, उपस्थिती, "मैदानावर गडबड करतो" हे मिसळू नका. ते नोंदवायचं तर वेगळं नोंदवा. गडबड्या पोराची फेक वर्गात सगळ्यात चांगली असू शकते, बहुतेक वेळा असतेच.

वर्णनात्मक नोंदींबद्दल थोडं तिखट लिहितो, रागवू नका. नेटवरून तयार पीडीएफ उतरवून "खेळात आवडीने सहभागी होतो", "खेळाचे नियम पाळतो", "शारीरिक क्षमता उत्तम" हे ४३ जणांना फिरवून फिरवून लिहायचं, हे सगळीकडे चालतं आणि का चालतं तेही मला माहीत आहे, इतर कामं एवढी आहेत. पण तुमच्याकडे वर सांगितलेली वही असेल तर खरी नोंद लिहायला तेवढाच वेळ लागतो. "उजव्या पायाने सलग चार लंगड्या घालते, डाव्या पायाचा सराव हवा." "फेकताना खांदा वळवतो, त्याच बाजूचा पाय पुढे टाकतो." "चेंडू छातीशी धरतो, हातांनी पकडण्याचा सराव सुरू." अशी ओळ पालकांना कळते, पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना कामाला येते आणि तपासायला कुणी आलं तर मुलाला बाहेर बोलावून दाखवतासुद्धा येते. "सुधारणा आवश्यक"च्या रकान्यात तर असंच काहीतरी हवं, तिथे "सराव आवश्यक" लिहून काय उपयोग, कसला सराव?

मुलींच्या बाबतीत एक. फेकण्या-झेलण्यात बऱ्याच वर्गांत मुली मागे दिसतात, तुम्हालाही दिसतील. म्हणून त्यांना निकष सोपे करू नका आणि "मुलींना जमत नाही" असंही धरू नका. मधल्या सुट्टीत चेंडू कुणाच्या हातात असतो ते चार दिवस बघा, तिथेच उत्तर मिळेल. मुलींच्या गटाला त्यांचा स्वतःचा चेंडू द्या, मुलांनी हिसकावायचा नाही असा नियम करा, आणि दुसऱ्या सत्रात परत बघा. उलट लंगडी आणि दोरीच्या उड्यांत मुलं मागे पडतात, तिथे मात्र कुणी म्हणत नाही की मुलांना जमतच नाही.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं मूल. सात-साडेसात वर्षांचं होऊन, दोन-तीन महिने खेळायची संधी देऊनही कुठल्याच पायावर एक लंगडी उडी नाही, जिन्यात अडखळतं, सपाट जागी पडतं, आणि वर्गातही बटण लावणं, कात्री धरणं, ओळीत लिहिणं सगळ्यातच ओढाताण होते, असं सगळं एकत्र दिसलं तर तो नुसता पीटीचा विषय राहत नाही. हालचालींचा मेळ न बसण्याची अडचण शाळकरी वयाच्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांना असते, म्हणजे तुमच्या एवढ्या वर्गात दोघंतिघं असू शकतात. त्याचं निदान करणं आपलं काम नाही आणि आपल्या चाचणीवरून ते होतही नाही. त्यासाठी एमएबीसी (मूव्हमेंट असेसमेंट बॅटरी फॉर चिल्ड्रन) सारख्या वेगळ्या चाचण्या असतात, त्या त्यातल्या प्रशिक्षित माणसाने घ्यायच्या. आपण पालकांना बोलवायचं, वहीतलं जे दिसलं ते सांगायचं, "मंद आहे", "आळशी आहे" असलं एकही विशेषण न लावता, आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सुचवायचं. तालुक्याला समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, केंद्रप्रमुखांमार्फत त्यांच्याशीही बोला. आणि एक गोष्ट थांबण्यासारखी नाही: गेल्या वर्षी नीट पळणारं, उड्या मारणारं मूल या वर्षी पडायला लागलं, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांडीवर हात टेकून उठायला लागलं, तर सत्र संपायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात पालकांना डॉक्टरांकडे पाठवा.

आजारातून उठलेलं मूल, हात मोडून प्लास्टर निघालेलं मूल, दम्याचं मूल, यांची नोंद नंतर करा, शंभर वेळा पुढे ढकलली तरी हरकत नाही. आकारिकच आहे, त्या दिवशीच झाली पाहिजे असं काही नसतं.

मुख्याध्यापकांना काय सांगायचं? माझ्या मते थेट सांगा की सेकंद-मीटर घेत नाही, त्याऐवजी चार कौशल्यांचे निकष घेतेय, आणि वहीचं एक पान नेऊन दाखवा. नुसतं तोंडी सांगितलं तर टाळाटाळ वाटेल, कोरं का होईना पान दिसलं की बहुतेक मुख्याध्यापक हो म्हणतात. "पण मोजमाप काहीच नाही का" असं अडून बसले तर उभ्याने लांब उडी टेपने मोजा आणि तो आकडा वहीत प्रत्येकाच्या नावापुढे ठेवा, मार्चमध्ये परत मोजा, म्हणजे मूल स्वतःच्याच आकड्याशी ताडून बघता येईल. उडी मोजतानाच बघूनही घ्या की दोन्ही पाय एकदम सुटतात का आणि एकदम टेकतात का, आणि उडीआधी हात मागे जातात का. एक पाय आधी सुटणारी मुलं बरीच असतात.

सुरुवात कशाने करायची विचाराल तर आत्ता पाऊस आहे, आवारात चिखल असेल, ओल्या फरशीवर लंगडी अजिबात घेऊ नका. व्हरांडा कोरडा असेल तर झेलापासून सुरू करा, त्याला जागा कमी लागते आणि तुमच्या त्या मुलाचंही आधी होऊन जाईल. लांबी पुरत असेल तर फेकही तिथेच होते, नाहीतर उघडीप मिळाल्यावर इमारतीच्या भिंतीवर, फक्त वरच्या खिडक्यांच्या काचा बघून घ्या. लंगडी गणपतीनंतर, जमीन वाळली की, आणि धावणं दिवाळीच्या सुट्टीनंतर थंडीत. टेनिस बॉल सहा आणि प्लॅस्टिकचे चार एवढे असले तरी भागतं. चुना मात्र हाताने उधळू नका, मुलांच्या डोळ्यात जातो, साधा खडू वापरा.